खालच्या खोलीची खिडकी

७ जानेवारी, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं

ताई,

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी खालच्या खोलीत गुडघ्यांवर बसून एक आकडा वाचत होतो. तिसऱ्यांदा. पहिल्यांदा डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, दुसऱ्यांदा यंत्रावर ठेवला नाही. तिसऱ्यांदा कागदावर उतरवून घेतला आणि वर आलो. तोवर चहा ऊतू गेला होता. आधी ओटा पुसला, मग बसलो. तू हसशील. हसलीस तर बरंच आहे.

तुझा पत्ता आत्यानं दिला. मी दिला असं सांगू नकोस, असं ती म्हणाली. मी त्यावर हो म्हणालो नव्हतो, म्हणून सांगतो.

मी आता नळीकाकांकडे कामाला आहे. हे नाव मी ठेवलेलं नाही, त्यांना सगळे असंच म्हणतात. ते घरांना पांढऱ्या नळ्या बसवतात. नळी तळघरातल्या जमिनीतून निघते, भिंतीवरून चढते आणि छपराच्या वर जाऊन संपते. मध्ये एक पंखा असतो. तिच्यातून पाणी जात नाही, धूरही जात नाही. जमिनीखालच्या खडकातून रेडॉन नावाचा वायू निघतो, तो त्या नळीतून जातो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. नळीकाका गिऱ्हाइकांना सांगतात, "न बोलावता येणारा पाहुणा आहे. बेल वाजवत नाही आणि जायचं नाव काढत नाही." उघड्यावर तो विरून जातो. घराखाली निघाला तर फरशीच्या भेगांतून आत शिरतो आणि खालच्या खोल्यांत साठतो. वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुफ्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. होतोच असं नाही. होऊ शकतो.

आईनं आयुष्यात एकदाही सिगरेट ओढली नव्हती. हे मी तुला सांगायला नको. तूच ते सगळ्यांना सांगायचीस, आणि मग कोण ओढायचं तेही सांगायचीस.

नळीकाकांचं मोजायचं यंत्र एका गिऱ्हाइकाकडून परत आलं होतं आणि आठवडाभर रिकामं होतं. मी मागून आणलं आणि आपल्या खालच्या खोलीत ठेवलं. पहिल्या आठवड्याची सरासरी आली ६४०. त्याला एक किरकोळ कारण होतं. ते दूर करून पुन्हा आठवडाभर मोजलं. आजचा आकडा ११८०. घनमीटरला इतके बेकरेल, असं त्याचं माप आहे. बेकरेल म्हणजे काय ते मला धड समजलेलं नाही आणि समजल्याचं सोंग आणणार नाही. आमच्याकडच्या तक्त्यात तीनशेच्या वर लाल रंग आहे. हजाराच्या वर रंगच छापलेला नाही. तिथे नळीकाकांनी पेनानं एक रेघ ओढून ठेवली आहे.

पत्राचं कारण असं. आई त्या खोलीत दिवसभर शिवायला बसायची आणि रात्री तिथेच झोपायची. दुसऱ्या खाटेवर तू झोपायचीस. अकरा वर्षं. मी आणि बाबा वर होतो. तर तू छातीची तपासणी करून घे. साधा एक्स-रे नको, स्कॅन कर. काही त्रास होत असला तरी कर, होत नसला तरी कर.

बाकी सगळं ठीक आहे.

तुझा,
मोजपट्टी

(हे नाव तूच ठेवलंस. दुसऱ्या कुणी हाक मारली तर मी ओ देत नाही.)


२९ जानेवारी, दुपारी दोन

ताई,

पाकीट आलं. तुझं अक्षर पाहून जिन्यातच फोडलं. आत माझंच पत्र होतं, लाल पेनानं तपासलेलं.

'उतू' मधला पहिला उ ऱ्हस्व. लक्षात ठेवीन. मी दहावीला बसलो नाही, पण तू बसवलेलं शुद्धलेखन अजून टिकून आहे. सबंध पत्रात एकच चूक, हे काही वाईट नाही. 'किरकोळ' मात्र मी बरोबर लिहिलं होतं, तरी तू त्याखाली रेघ मारली आहेस. का मारलीस ते कळलं नाही. (कळलं.)

आणि तळाशी तुझं वाक्य. "हे बाबांनी लिहायला लावलं?"

नाही. बाबा मला भाजी कुठली आणायची तेही सांगत नाहीत, पत्रात काय लिहायचं ते कुठून सांगणार? ते फारसं बोलतच नाहीत. तू गेलीस तेव्हापासून ते खालच्या खोलीत, आईच्या खाटेवर झोपतात. सिगरेट त्याच दिवशी सुटली. सोडली असं ते म्हणत नाहीत, सुटली म्हणतात, जशी गाडी सुटते. शेवटचं पाकीट खणात तसंच आहे. मी खण उघडतो तेव्हा मोजतो. तीन होत्या, तीनच आहेत.

तुझा विश्वास बसावा म्हणून मोजणी कशी करतात ते लिहितो. यंत्र जमिनीपासून कमरेच्या उंचीवर ठेवायचं, भिंतीला चिकटवायचं नाही, उन्हात ठेवायचं नाही. दारं-खिडक्या आदल्या दिवसापासून बंद ठेवायच्या, येण्याजाण्यापुरतं दार उघडायचं. खिडकी उघडी राहिली तर आकडा पडतो, बंद राहिली तर चढतो. यंत्र दर तासाची नोंद ठेवतं आणि तिची एक वाकडीतिकडी रेघ काढून देतं. त्या रेघेत मला काही करता येत नाही. कुणालाच करता येत नाही.

परवा नळीकाका खोली बघायला आले. त्यांनी कोबा टाचेनं ठोकून पाहिला, कोपऱ्यातल्या भेगेत नाणं घालून पाहिलं. नाणं आत गेलं, ते परत आलंच नाही. मग खाटेवर बसलेल्या बाबांना म्हणाले, "दादा, नळी बसेपर्यंत वर झोपा की."

"का?"

"खाली वायू आहे."

"असू दे. मलाही आहे, पोटात."

"हसण्यावारी नेऊ नका हो."

"बत्तीस वर्षं क्रेनच्या टोपलीत बसून काढली मी," बाबा म्हणाले. "आता खालीच बरं वाटतं."

नळीकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोजपट्टी काढून भिंत मोजायला लागलो. ते पुन्हा बाबांकडे वळले. "या खोलीत आधी कोण झोपायचं?"

"ही. आणि मुलगी."

"मुलगी कुठे असते?"

बाबांनी खाटेवरची चादर सारखी केली. नळीकाका गेल्यावर मला म्हणाले, "तिला कळवलंस का?"

मी म्हणालो, "कळवलं."

"तपासून घे म्हणावं. माझं नाव सांगू नकोस. माझं नाव आलं तर मुद्दाम जाणार नाही."

आणि मी नाव सांगितलं. काय करू? तूच विचारलंस. पण बघ, पहिलं पत्र गेलं तेव्हा त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. हे दुसरं चाललंय ते त्यांना माहीत आहे. इतकाच फरक.

बाबा अजून खालीच झोपतात. मी रात्री त्यांच्या खोलीचं दार थोडं उघडं ठेवतो. ते सकाळी लावलेलं असतं.

स्कॅनचा दिवस ठरला की कळव.

तुझा,
मोजपट्टी


१८ फेब्रुवारी, संध्याकाळी साडेपाच

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोनच वाक्यं, म्हणून पाठ झाली आहेत. "खिडकी उघडी राहिली तर आकडा पडतो, बंद राहिली तर चढतो, असं तू लिहिलंस. ती खिडकी मी बंद केली होती."

शेवटी प्रश्नचिन्ह नाही. तू विसरणारी नव्हेस.

उत्तर शेवटी देतो. आधी कामाचं लिहितो.

सोमवारी खोदायला घेतलं. नळीसाठी जागा निवडली ती आईच्या मशीनच्या कोपऱ्यातली, कारण तिथे कोबा सगळ्यात जास्त फुटलेला आहे. मशीन हलवलं तेव्हा खाली चार पायांच्या चार खुणा होत्या, चारही गुळगुळीत. नळीकाकांनी ड्रिलनं वितीएवढं भोक पाडलं आणि मला म्हणाले, "हात घाल." मी खांद्यापर्यंत हात घालून खालची खडी आणि माती मुठीनं बाहेर काढली. खाली पोकळी करावी लागते, म्हणजे नळीला चहूबाजूंची हवा ओढता येते. दीड बादली निघाली. माती गार होती आणि तिला कसलाही वास नव्हता. मी हात साबणानं दोनदा धुतले. नळीकाका म्हणाले, "अरे, तो वायू साबणाला भीत नाही." तरी मी तिसऱ्यांदा धुतले.

भेगा बुजवायच्या आधी आतली घाण काढावी लागते. नळीकाकांनी चुंबक फिरवलं तर भेगेतून सुयाच सुया निघाल्या. गंजलेल्या, मोडक्या, एक अजून दोरा ओवलेली. आई म्हणायची, सुया खातं की काय हे मशीन. खात होती ती फरशी. एक निळं बटणही निघालं. ते तुझ्या शाळेच्या फ्रॉकचं असावं. मी पुसून काडेपेटीत ठेवलं आहे.

नळी भिंतीतून बाहेर काढून खिडकीच्या शेजारून वर नेली आहे. त्यामुळे खिडकीची चौकट जवळून पाहिली. तू आणलेली रबरी पट्टी अजून आहे. तुझ्या पहिल्या पगारातून आणली होतीस. खिडकी अंगणाच्या जमिनीला लागून, बाबा पायरीवर बसून ओढायचे आणि धूर सरळ आत, आईच्या मशीनवर उतरायचा. आईला थंडीत खोकला व्हायचा. तू त्यांना पुष्कळ सांगून पाहिलंस, ते पायरी सोडून कुंपणापाशी जायचे आणि दोन दिवसांनी पुन्हा पायरीवर. मग तू पट्टी आणलीस आणि वरून रुंद चिकटपट्टी. मी लांबी मोजून सांगायचो आणि तू कात्री चालवायचीस. मी अर्ध्या बोटाचाही फरक सोडत नव्हतो. माझं नाव त्याच दिवशी पडलं. बाहेरून फुंकर मारून बघितली आणि आत काडीची ज्योत हलली नाही, तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास. आई म्हणाली, "डबाच केलात की ग खोलीचा."

हे सगळं तुला माहीतच आहे. का लिहिलं कुणास ठाऊक.

आता तुझ्या वाक्याचं उत्तर. खिडकीनं फारसा फरक पडत नाही. मुख्य कारण खालची जमीन आहे. खिडकीचं मनाला लावून घेऊ नकोस.

पंखा आला की तो बसवून चालू करायचा, एवढंच काम आता उरलं आहे. स्कॅनचं तू अजून लिहिलेलं नाहीस.

तुझा,
मोजपट्टी


६ मार्च, सकाळचे दहा

ताई,

तुझं पत्र परवा आलं. माझ्या मागच्या पत्रातलं एक वाक्य खोटं आहे. ते तू ओळखलंसच.

तू लिहिलंस, "पहिल्या पत्रात दोन आकडे आणि एक किरकोळ कारण. दुसऱ्यात खिडकीनं आकडा चढतो-पडतो. तिसऱ्यात खिडकीनं फरक पडत नाही. तुला खोटं बोलता येत नाही, तेव्हा कुणीतरी बोलायला लावलं. बाबांना सिगरेटमधून सुटका हवी असेल तर सरळ तसं म्हणावं. त्यासाठी जमिनीतून वायू काढायची गरज नाही. एक खोटं निघालं, मी बाकीचं का खरं मानू? मी कुठल्याही तपासणीला जाणार नाही. आणि खोकला थंडीत सगळ्यांनाच होतो."

शेवटच्या ओळीपर्यंत मी उभा होतो. मग बसलो.

संध्याकाळी पत्र बाबांना वाचून दाखवलं. खोकल्याचं वाक्य वगळावं असं वाटलं. वगळलं नाही. वगळल्यानं काय होतं ते आता कळलं आहे.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "पुन्हा वाच."

"सगळं?"

"शेवटचं."

मी पुन्हा वाचलं.

इथे आधीचं एक सांगायला हवं. तुझं दोन वाक्यांचं कार्ड आलं होतं, तेव्हा काय लिहू असं मी बाबांनाच विचारलं होतं. ते म्हणाले होते, "तिला यात आणू नकोस. सिगरेटवर आहे ते सिगरेटवरच राहू दे. मला त्याची सवय झालेली आहे. तिला नवीन जड जाईल." मी म्हणालो, पण आकडे वेगळं सांगतात. ते म्हणाले, "आकड्यांना काय विचारतोस? आकड्यांना मुलगी आहे का?"

म्हणून मी ते वाक्य लिहिलं. म्हणजे तुझं अर्धं बरोबर आहे. बाबांनीच लिहायला लावलं. पण सुटका व्हावी म्हणून नव्हे.

परवा मात्र दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाले, "मग लिही. सगळं लिही. पण आधी आईचं लिही."

तर आधी आईचं.

ज्याला मी किरकोळ म्हटलं ते कारण असं. पहिल्या आठवड्यात यंत्राची रेघ दिवसभर चढायची आणि दुपारी चारला कोसळायची. रोज. दिवेलागणीनंतर पुन्हा चढायला लागायची. मला वाटलं यंत्र बिघडलं. नळीकाका म्हणाले, "यंत्र बिघडत नाही, घरात माणूस आहे का बघ." म्हणून एक दिवस कामावरून लवकर आलो. खाली गेलो तर बाबा स्टुलावर उभे राहून खिडकी उघडत होते.

मी म्हणालो, "हे काय करताय?"

"चार वाजले."

"मग?"

"तिला चारला हवा लागायची."

आईला जाऊन दोन वर्षं झाली, ताई. ते अजून रोज चारला उघडतात.

आई आजारी पडल्यावर तिला त्या खोलीत कोंडल्यासारखं व्हायचं. तू कामावर असायचीस. चार वाजता ती बाबांना म्हणायची, जरा उघडा हो. बाबा चिकटपट्टी सोडवायचे, खिडकी उघडायचे आणि तू यायच्या आधी लावून टाकायचे. एकदा सोडवलेली चिकटपट्टी पुन्हा धरत नाही, म्हणून कामावरच्या डेपोतल्या सामानातून रोज नवी आणायचे. तुझी जशी होती तशीच, त्याच रुंदीची. आईनं त्यांना बजावलं होतं, "पोरीनं एवढ्या मायेनं लावलीय. तिला कळू देऊ नका, वाईट वाटेल तिला."

त्या दुपारी तू लवकर आलीस. खिडकी उघडी, चिकटपट्टी लोंबत, बाबा स्टुलावर आणि आई खोकत होती. तू म्हणालीस, "निदान तिच्या उशाशी तरी ओढू नका हो. माणूस आहात ना?" मी तेव्हा दाराशी औषधं घेऊन उभा होतो. बाबांनी एक अक्षर काढलं नाही. आईला खोकल्यामुळे बोलता येत नव्हतं. तिनं हात वर केला होता, तुला वाटलं ती तुला जवळ बोलावते आहे. पुढच्याच महिन्यात आई गेली आणि तिसऱ्या दिवशी तू या माणसाच्या घरात राहणार नाही म्हणालीस.

तुझं नाक तिखट आहे. गल्लीच्या टोकाला कुणी पेटवली तरी तुला कळायचं. त्या दुपारी खोलीत सिगरेटचा वास होता का, ते एकदा आठवून बघ. मी आठवून पाहिलं. मला औषधाचा आठवतो.

आता पट्टीचं. होय, खिडकीनं फरक पडतो. रोज तीन तास उघडी होती तेव्हा ६४०. सबंध आठवडा बंद होती तेव्हा ११८०. दोन्ही आकडे खरे आहेत. पट्टीची लांबी मी मोजली होती, तेही खरं आहे.

मी नळीकाकांना विचारलं की आईच्या बाबतीत जमिनीचा वाटा किती, पट्टीचा किती, सिगरेटचा किती. ते म्हणाले, "मी नळ्या बसवतो, न्यायनिवाडा करत नाही." मग दवाखान्यात जाऊन आईच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, धूर आणि हा वायू एकत्र आले तर नुसती बेरीज होत नाही, त्याहून बरंच जास्त होतं, आणि एका माणसाला कशामुळे झालं ते कुणालाही सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं.

पट्टी लावली म्हणून धूर बाहेर राहिला आणि वायू आत राहिला. लावली नसती तर वायू गेला असता आणि धूर आला असता. मी हे कागदावर निरनिराळ्या प्रकारे मांडून पाहिलं. उत्तर येत नाही. तुला माहीत आहे, उत्तर न येणारं गणित मला झोपू देत नाही. पण या गणितावर मी झोपतो. का ते माहीत नाही.

काल पंखा बसवला.

बसवल्यावर एक परीक्षा करतात. फरशीत एक बारीकशी फट शेवटपर्यंत न बुजवता ठेवायची आणि तिच्याशी थोडा धूर धरायचा. पंखा काम करत नसेल तर धूर वर उचलला जातो. करत असेल तर खाली ओढला जातो. त्यासाठी धुराची कांडी मिळते. नळीकाकांनी पेटी धुंडाळली आणि म्हणाले, "संपल्या वाटतं. आहे का घरात काही धूर करणारं?"

मी बाबांकडे पाहिलं नाही. बाबा उठले, वर गेले, खण उघडल्याचा आवाज आला. खाली आले ते सिगरेट पेटवूनच. पण तोंडाला लावलेली नव्हती, गॅसच्या शेगडीवर धरून पेटवली होती. एका बाजूनंच जळत होती.

नळीकाका म्हणाले, "एक झुरका घ्या दादा, नाहीतर विझेल."

"विझली तर अजून दोन आहेत," बाबा म्हणाले.

ते मशीनच्या कोपऱ्यात खाली बसले. त्यांना गुडघे वाकवता येत नाहीत, म्हणून मी दंड धरला. आधी पंखा बंद ठेवला होता. धूर फटीपाशी गेला, थरथरला आणि बाजूला होऊन वर चढला. बाबांच्या डोळ्यांत गेला, तरी त्यांनी हात हलवला नाही. मग नळीकाकांनी बटण दाबलं. बाहेर भिंतीवर बारीक घरघर सुरू झाली. धूर थांबला, वाकला आणि दोऱ्यासारखा सरळ फटीत गेला. सुईत ओवावा तसा. आम्ही तिघं बघत राहिलो.

"गेला खाली," बाबा म्हणाले.

"जाणारच," नळीकाका म्हणाले. "आता जे काही आहे ते खालच्या खाली जाणार."

बाबांनी सिगरेट बादलीतल्या मातीत खुपसली. "जन्मात पहिल्यांदा कामी आली," म्हणाले. नळीकाका हसले. मीही हसलो. नंतर मी ती फट बुजवली.

आज सकाळी नऊला यंत्र वाचलं. ५८. खिडकी बंद होती. सरासरी धरायला आठवडा जाऊ द्यावा लागेल, पण रेघ रात्रभर खालीच आहे, सपाट. चारला बाबा तरीही खिडकी उघडणार. उघडू देत. आता आकडा बिघडत नाही.

ताई, यातलं तुला जे मानायचं ते मान. बाबांवर राग ठेवायचा असेल तर ठेव, त्यांची हरकत नाही, त्यांनी तसं सांगितलं आहे. माझ्यावर ठेव, मी खोटं लिहिलं. पण ११८० हा आकडा खरा आहे आणि त्या हवेत तू अकरा वर्षं झोपलीस हे खरं आहे आणि तुला खोकला आहे हे तूच लिहिलं आहेस. स्कॅन कर. निकाल काय येईल तो मला लिहू नकोस हवं तर. नुसतं केलं एवढं लिही.

हिशेब खाली देतो. घराचा खर्च आहे आणि घरात तूही धरलेली आहेस.

नळ्या, कोपरे, क्लिपा: १,८५०
पंखा, वापरलेला: २,४००
भेगा बुजवायचं सामान: ७८०
वाळू-सिमेंट: २६०
यंत्राचं भाडं: नळीकाकांनी घेतलं नाही
एकूण: ५,२९०

पैकी दिलेले: ३,२९०
नळीकाकांचं देणं: २,०००, माझ्या पगारातून कापून

स्कॅनसाठी, बाबांच्या पेन्शनमधून, सोबत पाठवलेले: १,५००. हे देण्याघेण्यात धरायचे नाहीत.

इथवर लिहून मी बेरीज तपासत होतो, तेवढ्यात बाबांनी मागून कागद पाहिला. म्हणाले, "तिची पट्टी राहिली."

"कसली पट्टी?"

"खिडकीची. पहिला पगार होता तिचा. आईसाठी खर्च केला. तो घरानं द्यायचा होता."

"आठ वर्षं झाली, बाबा."

"म्हणून काय फिटलं?"

किंमत त्यांना पाठ होती. म्हणून आणखी एक ओळ:

ताईचं देणं, खिडकीची रबरी पट्टी व चिकटपट्टी, आईसाठी: ३४०. बाकी. हे टपालानं पाठवायचे नाहीत, असं बाबा म्हणतात.